०.९४ किलोमीटर, कुणाच्या पायांनी?

कागदावर अंतर लिहिलं होतं ०.९४ किलोमीटर. जिंतूर तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातला एक तांडा आणि खालच्या गावातली जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा, या दोन ठिकाणांमधलं अंतर. तांड्यावर पूर्वी स्वतःची शाळा होती. पट कमी म्हणून ती काही वर्षांपूर्वी खालच्या शाळेत ‘समायोजित’ झाली. हा शब्द सरकारी मराठीने खास अशा प्रसंगांसाठी राखून ठेवला आहे. आता तांड्यावरची अकरा लेकरं रोज खाली उतरतात आणि रोज वर चढतात. त्यांच्यासाठी वाहतूक भत्त्याची मागणी झाली तेव्हा उत्तर आलं की अंतर एक किलोमीटरच्या आत आहे, सबब लाभ देय नाही. तांड्याचं नाव मी मुद्दाम देत नाही, आणि तो कागद कोणत्या कचेरीतून आला तेही सांगत नाही. कचेरी बदलली असती तरी कागद तोच आला असता, असं माझं मत आहे. का, ते पुढे येईलच.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ एवढ्याच ओळखीवर थांबलेल्या वाचकाला परभणी म्हणजे काळीभोर सपाट जमीन, कापूस आणि सोयाबीन असं वाटतं. बरंचसं खरंही आहे. पण येलदरी धरणाच्या बाजूला जिंतूरचा भाग डोंगराळ आहे, आणि दक्षिणेला गंगाखेडच्या खाली बालाघाट लागतो. हे काही सह्याद्रीचे कडे नव्हेत. पण सात वर्षांच्या पोराला ओढा ओलांडायचा असेल तर कड्याची गरजही नसते.

त्या शाळेतले सर माझ्या ओळखीचे. त्यांनी मला बोलावलं ते मी ‘सॉफ्टवेअरवाला’ आहे म्हणून, आणि मनगटावर महागडं घड्याळ बांधून शनिवार-रविवार डोंगर हिंडतो म्हणून. म्हणाले, “इंजिनिअर साहेब, तुमच्या घड्याळात अंतर येतं ना? मग एकदा मोजून द्या की. जीपीएसचं म्हटल्यावर ऐकतील.”

जीपीएसचं म्हटल्यावर ऐकतील. माझं भांडण या वाक्याशी आहे.

मागच्या मे महिन्यात एका सकाळी सहा वाजता आम्ही वरून निघालो. मनगटावर घड्याळ, दर सेकंदाला एक बिंदू नोंदवणारं. खिशात फोन, त्यात एकाच वेळी चालू असलेली दोन ॲप. खाली पोचल्यावर घड्याळ म्हणालं १.६६ किलोमीटर. पहिलं ॲप १.८४. दुसरं ॲप, त्याच फोनमधलं, त्याच खिशातलं, १.५७. परत वर चढताना घड्याळ बॅटरी वाचवण्याच्या मोडवर टाकलं, तर ते १.३१ म्हणालं. वाट तीच, पाय तेच, आकाश तेच. कचेरीचा ०.९४ धरला तर हातात पाच आकडे झाले, आणि प्रत्येकाला दशांश चिन्हापुढे दोन घरं. म्हणजे दहा मीटरपर्यंतची खात्री.

ही खात्री खोटी आहे. यंत्र चुकतं, ही माझी तक्रार नाही. सगळीच यंत्रं चुकतात. जे यंत्र पाव किलोमीटरने इकडेतिकडे होतं, ते दहा मीटरच्या आवाजात बोलतं, ही तक्रार आहे.

आत काय चालतं ते थोडक्यात सांगतो. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन आपली जागा साधारण पाच मीटरच्या आत सांगतो. अँड्रॉइड जेव्हा ‘अचूकता ५ मीटर’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ असा, की खरी जागा त्या पाच मीटरच्या वर्तुळात असण्याची शक्यता ६८ टक्के. तीन वेळांपैकी जवळपास एकदा तुम्ही वर्तुळाच्या बाहेर असता. आता अंतर कसं काढतात? एकामागून एक बिंदू जोडून. आपण सेकंदाला मीटर-सव्वा मीटर चालतो आणि प्रत्येक बिंदू काही मीटर डावी-उजवीकडे भरकटलेला. सरळ चाललेल्या माणसाची रेघ झिंगलेल्या माणसासारखी होते, आणि झिंगलेला माणूस सरळ चालणाऱ्यापेक्षा जास्तच चालतो. डावीकडची चूक उजवीकडच्या चुकीने फिटत नाही, दोन्ही बेरजेतच पडतात. पीटर रानाखर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यावर निबंधच लिहिला, जीपीएस अंतरं मुळापेक्षा मोठी का करतं या शीर्षकाचा. शेजारशेजारच्या बिंदूंच्या चुका सहसा एकाच दिशेच्या असतात, म्हणून प्रत्यक्षात फुगवटा भयंकर होत नाही. शिवाय चांगली चिप वेग काढताना बिंदूंवर विसंबत नाही, उपग्रहाच्या लहरीतला डॉप्लर फरक वापरते. तरी फुगवटा राहतोच. पहिल्या ॲपचे १.८४ असे आले. वाटेत विहिरीपाशी आम्ही दहा मिनिटं उभे होतो. ॲपच्या मते त्या दहा मिनिटांतही आम्ही चालतच होतो.

बॅटरी वाचवणारा मोड याच्या उलट चुकतो. तो बिंदू लांबलांब घेतो आणि मधली वळणं सरळ कापतो. नागमोडी उताराची त्याने शिडी करून टाकली.

म्हणजे एक चूक अंतर वाढवते, दुसरी कमी करते, आणि या दोन चुकांमध्ये कुठे थांबायचं ते ॲप बनवणारा ठरवतो. किती गुळगुळीत करायचं, उभं राहिलेलं कधी धरायचं, ही सगळी कुणा माझ्यासारख्याने दुपारी चहा पिता पिता ठरवलेली किंमत असते. दुसऱ्या ॲपचे १.५७ खऱ्याच्या जवळ होते, पण ते त्या वाटेवर त्या दिवशी जुळलं. त्याला नियम म्हणता येणार नाही.

हरिश्चंद्रगडाला नळीच्या वाटेने गेलेल्यांना हे नवीन नाही. दोन्ही बाजूंना कडे, वर आकाशाची एक पट्टी. उपग्रह दिसतात ते डोक्यावरचे तेवढे, बाकीच्यांची लहर समोरच्या कातळावर आपटून उशिरा पोचते आणि घड्याळ त्या उशिरालाच अंतर समजतं. घरी येऊन ट्रॅक उघडला की आपण कड्याच्या आतून आरपार चाललेलो असतो. मग ग्रुपवर भांडण: तुझे किती, माझे किती. यात हमखास कुणीतरी म्हणतो की जीपीएस चढ धरत नाही म्हणून फरक पडतो. हेही सहसा चूक. आमच्या तांड्याच्या वाटेवर सुमारे ११० मीटरचा उतार आहे. पायथागोरस लावून पाहा: दीड किलोमीटरच्या वाटेत त्याने जेमतेम चार मीटर वाढतात. उतार एकसारखा नाही म्हणून दुप्पट धरा, आठ. तिथे दोष चढाला देणं म्हणजे खरा चोर सोडून पाहुण्याला धरणं. ट्रेकरांच्या ग्रुपवर हे भांडण गमतीचं असतं, कारण हरलेल्याचं काही जात नाही. अंतरावर कुणाचं काही ठरत असेल तर गंमत संपते.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेप आणली. गावातल्या मिस्त्रीकडची, पन्नास मीटरची. एक टोक सरांच्या हातात, एक माझ्या, आणि मोजणी लिहायला चौथीतली एक मुलगी. वळणावर पन्नास मीटर ताणली तर टेपही कोपरा कापते, म्हणून तिथे दहा-दहा मीटरने मोजलं. साडेतीन तास लागले. उत्तर १५८० मीटर. यातही चूक आहे, पण ती किती आणि कुठे आहे हे मला माहीत आहे: वीसेक मीटर, वळणांत. ब्रिटिश गणिती लुइस रिचर्डसनला आढळलं होतं की स्पेन-पोर्तुगाल सीमा एका देशाच्या हिशेबात ९८७ किलोमीटर आहे आणि दुसऱ्याच्या हिशेबात १२१४. कुणी लबाडी केली नव्हती, मोजायची काठी वेगळी होती. मँडेलब्रॉटने १९६७ मध्ये ब्रिटनचा किनारा किती लांब हा प्रश्न विचारला तो याच धाग्यावरून. वाकड्या गोष्टीची लांबी काठी सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. ०.९४ च्या कागदावर काठी कोणती ते लिहिलेलं नव्हतं.

पण ती ओळखणं अवघड नव्हतं. तांड्याचा एक बिंदू, शाळेचा एक बिंदू, आणि मध्ये सरळ रेघ. हे सूत्र आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे, त्याला हॅवरसाइन म्हणतात. चार-पाच ओळींचा कोड. मी स्वतः तो निदान चार प्रोजेक्टांत चिकटवला आहे. एकदा तर माल पोचवणाऱ्या पोरांचं अंतर काढायला. तिथे मध्ये रेल्वेलाइन होती आणि फाटक दोन किलोमीटर लांब. ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तेव्हा कचेरीतल्या माणसावर बोट रोखताना उरलेली तीन बोटं माझ्याकडे आहेत, हे कबूल करून पुढे जातो.

सूत्रात चूक नाही. पृथ्वी गोल धरल्यामुळे येणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, एवढ्या अंतरात चार-पाच मीटर. चूक आहे ती कोणता प्रश्न विचारला यात. कायद्याने वेगळा प्रश्न विचारला होता. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत, २०१० च्या, सहाव्या नियमात पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या ‘चालण्याच्या अंतरात’ शाळा असावी असं म्हटलं आहे, आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या. चालण्याच्या. पुढे असंही म्हटलं आहे की जिथे भूभाग अवघड आहे, दरड किंवा पुराचा धोका आहे, रस्ते नाहीत, लहान मुलांना येताजाता धोका आहे, तिथे ही मर्यादा कमी करून शाळा अशी ठेवावी की धोका टळेल. म्हणजे नियम लिहिणाऱ्याने ओढा पाहिला होता. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांतही आकडे एक आणि तीन हेच आहेत. या नियमाचं संगणकात भाषांतर झालं तेव्हा ‘चालण्याच्या’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळला, आणि तो गळाला हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण उत्तर दोन दशांशांत येत होतं.

आणि बिंदू तरी कुठला? तांड्याचा बिंदू सेवालाल महाराजांच्या मंदिरापाशी टाकलेला आहे, तांड्याच्या खालच्या टोकाला. आम्हीही टेप तिथूनच लावली होती. वरच्या शेवटच्या घरापासून मंदिरापर्यंतच २६० मीटर भरतात. त्या घरातली दोन लेकरं शाळेत येतात. त्यांच्या आईला मी कागद वाचून दाखवला तेव्हा तिने अंतराबद्दल काहीच विचारलं नाही. तिने विचारलं, “कोन मोजलं म्हन्ला? कवा आल्ते?”

कुणी आलं नव्हतं.

इथे मला प्रतिपक्षाचं म्हणणं नीट मांडलं पाहिजे, कारण ते मूर्खपणाचं नाही. एक अधिकारी माझ्याशी मोकळेपणाने बोलले. त्यांचं म्हणणं असं: सरळ रेघ सगळ्यांना सारखी. तिच्यात वशिला चालत नाही. पायवाटेने मोजायचं ठरवलं तर प्रत्येक सरपंच सर्वांत वाकडी वाट दाखवेल, आणि मोजायला जाणारा माणूस जेवून येईल. शिवाय हजारो वस्त्या, कोण फिरणार? रेघ चूक असेल, पण सगळ्यांसाठी सारखीच चूक आहे.

शेवटचं वाक्य तेवढं खरं नाही. पाथरी-मानवतच्या सपाटीवर रेघ आणि वाट यांत थोडाच फरक पडतो. डोंगरात वाट रेघेच्या दीडपट, पावणेदोनपट होते. रेघ सगळ्यांना सारखी असते, चूक नसते. ती नेमकी त्यांच्यावर जास्त पडते ज्यांच्यासाठी नियमात अवघड भूभागाचा उल्लेख केला होता. जिथे वस्त्या डोंगरात आहेत, तिथे राहणारे कोण आहेत हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको.

आणि ‘कोण फिरणार’ याचं उत्तर याच राज्यात आहे. भूमी अभिलेख विभागाने महाराष्ट्रात ७७ कॉर्स स्थानकं उभी केली आहेत. ही स्थानकं स्वतःची जागा पक्की ओळखतात आणि उपग्रहाच्या संदेशातली चूक किती, ते क्षणाक्षणाला सांगत राहतात. ती दुरुस्ती घेऊन रोव्हर नावाचं यंत्र मोकळ्या रानात जागा काही सेंटिमीटरपर्यंत सांगतं. पूर्वी तेहतीस फुटी साखळीने, सोळा आण्यांच्या हिशेबात गुंठा मोजायचे, आता रोव्हरने बांध मोजतात. चांगलं आहे. दोन भावांच्या बांधाचं भांडण असेल तर सरकार उपग्रहाकडून सेंटिमीटर मागवतं. अकरा लेकरांच्या वाटेचं असेल तर खुर्चीत बसून सहाशे मीटर सोडून देतं. तंत्रज्ञान नाही असं म्हणायची सोय आता उरलेली नाही.

ही समज तरी नवी आहे का? विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी साडेसात मैलांची पायारेषा मोजायला ५७ दिवस घेतले. साखळी उन्हाने किती लांबते त्याचा हिशेब करत. तेच काम करत तो १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याचे त्रिकोण सरळ रेघांचेच होते, शिखरापासून शिखरापर्यंत. पण त्याच काळात मार्गांची लांबी काढायला दुसरे लोक चाक ढकलत रस्त्याने चालत होते, पेराम्ब्युलेटर नावाचं. नकाशाला त्रिकोण, कूच करायला चाक. कंपनी सरकारचं रयतेवर प्रेम होतं म्हणून नव्हे. फौजेला रस्त्याने चालत जायचं होतं आणि कमी अंतर धरलं तर धान्य संपायचं. ज्याला स्वतः चालायचं असतं तो चालण्याचं अंतर मोजतो. आजही मॅरेथॉनचा मार्ग जीपीएसने प्रमाणित करत नाहीत. सायकलच्या चाकाला मोजणी-यंत्र लावून, ते चाक आधी टेपने तपासून घेऊन मोजतात, आणि वर हजारात एक भाग जास्त धरतात, ४२.१९५ किलोमीटरला बेचाळीस मीटर, म्हणजे चूक झालीच तर मार्ग कमी भरू नये. शर्यतीत विक्रम खोटा ठरू नये म्हणून एवढी काळजी. चुकीची बाजू आधी ठरवायची आणि मग मोजायचं, ही त्यातली शिकण्यासारखी गोष्ट.

आमच्याकडेही तेच व्हावं. रेघ वापरा, पहिली चाळणी म्हणून. रेघेनेच एक किलोमीटरच्या पुढे गेलेली वस्ती सरळ पात्र धरा, कारण वाट रेघेपेक्षा कधीच लहान नसते. आत येणाऱ्या वस्त्यांपैकी ज्या डोंगरात आहेत, ज्यांच्या रेघेला ओढा किंवा नाला छेदतो, त्यांच्याकडे माणूस पाठवा. त्याच्या हातात रोव्हर नसला तर मिस्त्रीची टेप द्या. मोजणी शेवटच्या घरापासून करा, देवळापासून नको. आणि जो आकडा लिहाल त्याच्यापुढे चूक किती ते लिहा. चुकीच्या पट्ट्यात मर्यादा येत असेल तर निकाल पोराच्या बाजूने द्या. वशिल्याची भीती असेल तर ट्रॅक गावात चावडीवर लावा, वाकडी वाट दाखवणाऱ्याला शेजारचा गाव सोडणार नाही.

हे आत्ताच का, तर प्रश्न एका तांड्याच्या भत्त्याचा राहिलेला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसच्या आत पट असलेल्या शाळांची माहिती मागवून ‘समूह शाळां’चा प्रस्ताव पुढे केला. नमुने म्हणून तोरणमाळ आणि पानशेत दाखवले. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त निघाल्या. समूह शाळा वाईटच असते असं मी म्हणत नाही. दोन शिक्षक आणि सहा मुलं यांपेक्षा वाचनालय, मैदान आणि सोबती असलेली शाळा पोराला आवडेलही. पण कोणती शाळा कोणत्या शाळेच्या ‘जवळ’ आहे हे ठरवताना कुठेतरी कुणी ते चार-पाच ओळींचं सूत्र चालवणार आहे. ज्याने ते चालवलं त्याला आपण काही ठरवलं असं वाटणारही नाही. मला वाटलं नव्हतं.

पावसाळ्याचा आकडा अजून द्यायचा राहिला. मेमध्ये वाटेवरचे साग निष्पर्ण असतात, आकाश मोकळं दिसतं, आणि ओढ्यात दगड असतात. ऑगस्टमध्ये सागाची ओली, सुपासारखी पानं डोक्यावर येतात, घड्याळ आणखी भरकटतं; ते राहू द्या. ओढ्याला पाणी आलं की ती वाटच बंद होते. मग लेकरं वळसा घालून नळकांडी पुलावरून जातात. तो वळसा आम्ही टेपने मोजलेला नाही. सरांच्या मोटारसायकलच्या मीटरवर पावणेतीन किलोमीटर भरतो. पाऊस फार असला तर तेही नाही, त्या दिवशी अंतर अनंत असतं आणि हजेरीपटावर अकरा गैरहजर लागतात.

हे सगळं मी दोन पानांत लिहून दिलं. टेपचा आकडा, चुकीचा पट्टा, वरच्या घराचे २६० मीटर, पावसाळ्यातला वळसा, नकाशा. सरांनी वाचलं, चष्मा काढला, आणि अर्जाचा छापील नमुना माझ्यापुढे सरकवला. ‘अंतर (किमी)’ असं लिहिलेली एक चौकट, बोटाच्या पेराएवढी. म्हणाले, “साहेब, यात एकच बसतो. कोणता टाकू?”

मी १.५८ म्हणालो. मग वरच्या घरातली ती दोन पोरं आठवली आणि म्हणालो, थांबा. सरांनी पेन उघडंच ठेवलं होतं.